काचेच्या कपाटातला फ्रॉक आणि माझी माचिस

सुरतेत डिंडोलीला आमच्या गल्लीतून अंदमानला जाऊन आलेला मीच पहिला. मंडळाची पोरं म्हणाली, "आप्पा, अंकासाठी लिहून द्या." मी म्हटलं, देईन, पण माझा एक शब्दही बदलायचा नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं सुरतेत माग चालवले, आधी कारीगर म्हणून, नंतर मास्तर म्हणून. आमच्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मास्तर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. तेव्हा वाचणाऱ्याने शुद्धलेखन पाहू नये, मजकूर पाहावा.

सुरत विमानतळ

माझी लेक रेखा पोर्ट ब्लेअरला असते. जावई तिथं बंदरावर विजेच्या कामाला आहेत. तिनेच तिकिटं पाठवली. आमची मंडळी, म्हणजे इंदूबाई, दोन दिवस भाकऱ्या भाजत होती. जणू विमानात दुष्काळ पडला होता.

तपासणीच्या ठिकाणी गणवेशातल्या एका मुलीने माझ्या खिशातून माचिस काढली आणि टोपलीत टाकली.

"काका, बीडी अंदर नहीं पी सकते."

"मी बीडी पीत नाही. जन्मात प्यायलो नाही," मी सांगितलं.

"फिर माचिस क्यूं?"

"कपडा जलाने के लिए."

खरं तेच बोललो. पण ती दोन पावलं मागे सरली आणि तिने साहेबाला बोलावलं. मग मला बाजूला घेऊन बूट काढायला लावले, टोपी काढायला लावली. इंदूबाई लांबून म्हणाली, "तोंड बंद ठेवता येस नही का तुमले?"

आता वाचणाऱ्याला सांगतो. कापड कशाचं आहे हे डोळ्याने कळतं, पण खात्री जाळूनच होते. कडेचा एक दोरा ओढायचा आणि काडी लावायची. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. रेशमाला केस जळल्याचा वास. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी उरतो. कितीतरी व्यापाऱ्यांचं खोटं मी एका काडीत उघडं पाडलंय. म्हणून माचिस. पण साहेबाला हे सगळं ऐकायला वेळ नव्हता. माचिस त्याने ठेवून घेतली.

पोर्ट ब्लेअर

या गावाचं नाव आता बदललंय म्हणतात, पण रिक्षावाला, भाजीवाली, सगळे जुनंच बोलतात. मीही जुनंच लिहितो.

पहिल्याच दिवशी गोंधळलो. दुपारी जेवून पडलो, उठलो तर अंधार. वाटलं, रात्रभर झोपलो, उपाशी राहिलो. घड्याळात पाहिलं तर जेमतेम सहा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून बसलो, तर बाहेर लख्ख ऊन आणि शेजारची बाई कपडे वाळत घालून मोकळी. रेखा म्हणाली, घड्याळ आपल्याच देशाचं, पण सूर्य इथं लवकर येतो आणि लवकर जातो. मी तीन दिवस घड्याळाकडे पाहायचंच सोडून दिलं.

समुद्राचं काय सांगू. आमच्या तापीचं पाणी पाहिलेल्या माणसाला ते पाणी खोटं वाटतं. डाईंगमध्ये निळा आणि हिरवा रंग एकत्र सांडला की नाल्यात असं दिसतं. मी तसं म्हणालो तर रेखाला वाईट वाटलं. मी कौतुकच करत होतो.

बाजारात पहिली वस्तू घेतली ती माचिस.

पलीकडचं गाव

तिसऱ्या दिवशी रेखा म्हणाली, "पप्पा, सगळे जेल बघायला जातात, ते आपण उद्या बघू. आज होडीने पलीकडे जा. तिथं एका बाईने आपल्या घरातच म्युझियम केलंय. लढाईत इथं जपानी होते ना, त्या वेळचं."

होडी म्हणजे मोठी बोट. माणसं, मोटारसायकली, कोंबड्यांची खुराडी सगळं एकाच वेळी. पलीकडे उतरलो की नारळ, सुपारी आणि पत्र्याची घरं. चढावर एक लाकडी घर, खाली दगडी जोतं, वर माडी, पायऱ्या कुरकुरणाऱ्या. दारावर हिंदीत पाटी. मी बोट ठेवून वाचली: 'जंग के दिनों का घर. आइए, बैठिए.'

बिमलादेवी दारातच भेटल्या. निवृत्त शिक्षिका. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठ्या असतील, पण पाठ ताठ. तिथली माणसं आपापसात हिंदुस्थानी बोलतात. कुठकुठल्या मुलखातल्या कैद्यांची ती नातवंडं-पतवंडं, सगळ्यांची मिळून एक भाषा झालेली. आमच्या डिंडोलीत खानदेशी, मराठवाडी, वऱ्हाडी शेजारीशेजारी राहतात तरी 'तुमचं बोलणं गावंढळ' म्हणून भांडतात. इथं भांडण मिटलेलं दिसलं.

त्या घराची रीत अशी की आधी खायचं, मग पाहायचं. बाईंनी केळीच्या पानावर उकडलेला कंद दिला, वर मीठ. साबुदाणा ज्यातून निघतो तो हा कंद. इंदूबाईला वाटलं आपल्याला उपवासाचं वाढलंय, तिने हात जोडले. बाई म्हणाल्या, "लढाईच्या शेवटच्या वर्षात या घरात हेच होतं. सकाळी हे, संध्याकाळी हे, आणि कधी तेही नाही." कोरा चहा दिला, बिनसाखरेचा. मी साखर मागितली. "अंत में मिलेगी, भाईसाहब."

मग एकेक वस्तू. सांगताना त्या पाढे म्हटल्यासारख्या सांगत होत्या. बेचाळीस साली इंग्रज निघून गेले आणि जपानी सैनिक बोटीतून उतरले. लोकांना आनंद झाला. या घराच्या पुढच्या खोलीत एक सैनिक राहायला आला, न विचारता. घरच्यांनी मागच्या खोलीत राहायचं. तो दिसला की कमरेत वाकून सलाम करायचा. घरातलं घड्याळ त्यांच्या मुलखाच्या वेळेवर लावायचं. ते घड्याळ भिंतीवर अजून आहे. इथं आधीच सूर्य लवकर, त्यात घड्याळ परदेशाचं. त्या माणसांचं काय झालं असेल हे मला लगेच कळलं.

एक पाटी होती दगडी. बाईंची थोरली बहीण तेव्हा आठ वर्षांची. त्या सैनिकाने तिला त्या पाटीवर जपानी अक्षरं शिकवली आणि साखरेचा एक पत्र्याचा डबाही दिला. डबा तिथंच होता, गंजलेला. पुढे तोच सैनिक एके दिवशी आणखी दोघांना घेऊन आला आणि बाईंच्या वडिलांना घेऊन गेला. शेजाऱ्याने चुगली केली होती की हा माणूस दिव्याने इंग्रजांना खुणा करतो. वडील कारकून होते. परत आले तेव्हा उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. त्यानंतर कधी टाक धरला नाही.

माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. आम्हाला शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं की जपानी आपल्या बाजूने लढले.

"बहनजी, तो सैनिक चांगला होता की वाईट?"

"दोनों."

"दोन्ही कसा असेल? डबा दिला की बाप नेला?"

"डबा भी दिया, बाप भी ले गया. मैं क्या करूं?"

"मग डबा फेकून का नाही दिला?"

"दीदी ने फेंकने नहीं दिया."

मी आणखी विचारलं. जपानी गेले तेव्हा लोकांना आनंद झाला का? झाला. मग परत कोण आले? इंग्रज. तेव्हा? तेव्हाही झाला, ते तांदूळ घेऊन आले होते. मी म्हटलं, इंग्रज गेले तेव्हा आनंद, आले तेव्हाही आनंद, हा काय हिशोब? बाई हसल्या. इंदूबाई माझ्या कानाशी म्हणाली, "तुमी परीक्षा लेवाले येल शेतस का?"

फ्रॉक

शेवटचं कपाट काचेचं. कपाट कसलं, जुनं जाळीचं दुधाचं कपाट, त्याला जाळीऐवजी काच बसवलेली. कुलूप नाही, नुसती कडी. आत एक लहान मुलीचा फ्रॉक, मातकट रंगाचा. चिठ्ठीवर हिंदीत: 'कपडा नहीं मिलता था. मां ने बोरे से सिया. दीदी ने दो साल पहना.'

एवढी पोत्याची गोष्ट वाचून कोणाचेही डोळे भरतील. इंदूबाईचे भरले. मी कापड पाहत होतो.

लांबून पोतं. जवळून चमक. तागाला अशी चमक नसते. बाई साखर आणायला स्वयंपाकघरात गेल्या. मी कडी काढली आणि फ्रॉकचा घेर उलटा केला. आत किनार शाबूत होती. कडेला दोरे जोडीने भरलेले, मधे एकेरी. ती किनार मी झोपेतही ओळखीन. सुरतेचं कापड!

खरं सांगतो, आधी अभिमान वाटला. समुद्राच्या या टोकाला काचेच्या आत आमचं कापड. आणि मग राग आला. लढाई माझ्या जन्माआधीची. तेव्हा पॉलिस्टर कुठलं?

खात्री करायला हवी होती. घेरातून बोटभर दोरा ओढला आणि काडी लावली.

वितळला. काळा मणी. घरभर तो वास पसरला, जळक्या प्लास्टिकचा. लाकडी घरात वास दडत नाही.

बिमलादेवी साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या. माझ्या एका हातात माचिस, दुसऱ्या हातात मणी, कपाट उघडं.

"क्या जलाया?"

"हा फ्रॉक पोत्याचा नाही. हे पॉलिस्टर आहे. सुरतचं आहे. मी एक्केचाळीस वर्षं हेच विणलंय," मी म्हणालो. आवाज चढलाच होता, तो उतरवता येईना.

त्यांनी वाटी खाली ठेवली, फ्रॉकचा घेर सरळ केला, ओढलेल्या दोऱ्याची जागा अंगठ्याने दाबली. आणि मग बसून सांगितलं.

पोत्याचा खरा फ्रॉक साठ वर्षं त्यांच्या ट्रंकेत होता. त्सुनामीत खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि ट्रंक गेली. पाटी, डबा, घड्याळ माडीवर होते, ते वाचले. नंतर मदतीचे गठ्ठे आले, त्यात कापडाचे तुकडे होते. थोरली बहीण तेव्हा जिवंत होती, सत्तरीला टेकलेली. ती शेजारी बसून सांगत गेली, गळा खाली होता, बाही इथपर्यंत, काखेत टोचायचं. बाईंनी तसा शिवला आणि झाडाच्या सालीच्या पाण्यात बुडवून रंगवला. तयार झाल्यावर बहिणीने तो छातीशी धरला आणि म्हणाली, "यही है." मग ती रडली. म्हणून चिठ्ठीवर दुसरं काही लिहायला हात धजला नाही.

"शुक्रवारी सरकारी लोक येतायत," बाई म्हणाल्या. "पाच वर्षं अर्ज करतेय. घर सरकारी यादीत आलं तर वाचेल. नाही तर माझ्यामागे भाचा हॉटेलवाल्याला देणार, त्याने घराचं माप घ्यायला पण सुरुवात केलीय. भाईसाहब, तुम्ही दोन दिवस कोणाला बोलू नका. फिर जो जी में आए."

मी म्हटलं, "कापडाच्या बाबतीत मी आजवर खोटं बोललेलो नाही." एकदा शेठने डागी ताका, म्हणजे खराब निघालेलं ठाण, चांगल्या मालात घालायला सांगितला होता. मी घातला नाही, त्या खात्यातलं काम सोडलं. हे मी बाईंना ऐकवलं. आत्ता लिहिताना वाटतं, ते ऐकवायची गरज नव्हती. साखर तशीच वाटीत राहिली.

दोन दिवस

परतीच्या होडीत इंदूबाई माझ्याकडे पाठ करून बसली. घरी लेकीला सगळं सांगितलं. रेखा म्हणाली, "पप्पा, तमने शुं पडी छे? म्युझियम एनुं, फ्रॉक एनो." म्हणजे तुम्हाला काय पडलंय, म्युझियम तिचं, फ्रॉक तिचा. राग आला की तिला गुजराती येते, शाळा सुरतेत झाली ना.

दुसऱ्या दिवशी जेल पाहायचं ठरलं होतं, पण माझं मन कशातच लागेना. जावयांनी कोळंबीचा रस्सा खाऊ घातला, समुद्रावर नेलं. मी वाळूत बसून विचार करत होतो. ज्या मुलीने खरा फ्रॉक घातला तिनेच 'हाच तो' म्हटलं. मग मी कोण नाही म्हणणारा? पण कापड तर सुरतचं. मणी खिशात होता, पुन्हा पुन्हा काढून पाहिला. मणी तर खरा. आयुष्यात पहिल्यांदा काडीने खात्री करूनही खात्री होईना.

इंदूबाईला विचारलं. ती म्हणाली, "तुमनी माय गयी तवय तिनं लुगडं फाडीसन गोधडी करी ना मी? ती गोधडी मायनी शे का मनी?"

मी म्हटलं, आईची.

"मंग?"

मग काय ते तिने सांगितलं नाही. पण गुरुवारी सकाळी मी टोपी घातली आणि म्हणालो, "चाल."

पुन्हा ते घर

बिमलादेवी पायऱ्या पुसत होत्या. मला पाहून हातातलं फडकं थांबलं.

"आता काय जाळायला आलात?"

"बोलायला आलोय. बहनजी, चिठ्ठी बदला. खरं लिहा."

"लिहिलं तर उद्या साहेब म्हणतील, बाई खोट्या वस्तू ठेवते. घर गेलं माझं."

"उद्याच्या साहेबाला कापड कळायचं नाही. पण पुढे कधीतरी कोणीतरी सुरतेचा येईल."

"आपके जैसा?"

"माझ्यासारखा. तो किनार पाहील आणि म्हणेल फ्रॉक खोटा. मग म्हणेल पाटी खोटी, डबा खोटा. तुमच्या वडिलांची बोटं पण खोटी म्हणेल."

हे मी होडीत ठरवून आलो होतो. पण बोलल्यावर त्यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, शेवटचं वाक्य नको होतं. त्या आत गेल्या. आम्ही दोघं पायरीवर उभे. इंदूबाई म्हणाली, "जाऊ या का?" मी म्हटलं, थांब.

बाई बाहेर आल्या त्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि पेन घेऊन.

"लिखिए."

"मी?"

"जलाया किसने? आप लिखिए. अपनी भाषा में. नाम भी."

 मी सही करतो, महिन्याच्या कापडाची नोंद केलीय, पण लोकांनी उभं राहून वाचावं असं कधी लिहिलं नव्हतं. नाही म्हणणं माझ्या स्वभावात आहे, पण 'येत नाही' म्हणणं नाही. बसलो. त्या शिक्षिका, त्या शेजारी उभ्या राहिल्या. तीन पुठ्ठे वाया गेले. एकदा 'पॉलिस्टर'वर अडलो तेव्हा त्यांनी मुकाट्याने हवेत बोटाने अक्षर काढून दाखवलं. चौथ्या पुठ्ठ्यावर हे लिहिलं:

'हा फ्रॉक पॉलिस्टरचा आहे. कापड सुरतचं. पोत्याचा जुना फ्रॉक समुद्राने नेला. जिने तो घातला होता तिनेच शेजारी बसून हा शिवून घेतला. माप खरं आहे. तपासणारा भिका रामजी, विणकर, सुरत.'

बाईंनी वाचला. 'तपासणारा' वर थांबल्या, अर्थ विचारला, मी सांगितला. मग त्यांनी खाली हिंदीत तेच लिहिलं आणि जुनी चिठ्ठी काढून घडी करून पदराला बांधली. फ्रॉक त्यांच्या हातात होता, काखेतली शिवण चाचपत होत्या. "दीदी को यहां चुभता था," म्हणाल्या. या कापडाला टोचायला काही नाही. मी हे बोललो नाही. एवढं तरी शिकलो होतो.

चहा आला. या वेळी साखर आधी.

निघताना आठवलं की विमानतळावर माचिस पुन्हा काढून घेतील. नवी होती, एकच काडी खर्च झालेली. त्यांना दिली, चुलीला होईल म्हणून. मणीही टेबलावर ठेवला, तो घेऊन जाऊन काय करणार.

सुरत, परत

शुक्रवारी आम्ही विमानात होतो. काय झालं ते रेखाने पुढच्या आठवड्यात जाऊन विचारलं. दोन साहेब आणि एक मॅडम आल्या होत्या. कंद खाल्ला, सगळं पाहिलं, माझा पुठ्ठा वाचून मॅडमनी फोटो काढला. घर यादीत घेतलं का? तर नाही, आणि नाकारलंही नाही. पुन्हा येणार आहेत. भाच्याने माप घेणं थांबवलेलं नाही. बिमलादेवी माझ्यावर रागावल्या आहेत का, हे रेखाला कळलं नाही. तिने विचारलं तर म्हणे त्या नुसत्या हसल्या.

रेखाने मोबाइलवर फोटो पाठवला. काचेत फ्रॉक, फ्रॉकपाशी माझा पुठ्ठा, अक्षर वाकडं पण वाचता येतं. आणि त्याच्या शेजारी, मी चुलीसाठी दिलेली माचिस. समोर बशीत काळा मणी.

मी तो फोटो खात्यात नेऊन जुन्या माणसांना दाखवला. ते म्हणाले, आप्पा, तुम्ही म्युझियममध्ये पोचलात. इंदूबाई म्हणाली, चोराना हत्यारं ठेवतस तशी ठेयेल शे. मी फोटो मोठा करकरून पाहतो, पण ती माचिस तिथं मानाने ठेवलीय की पुराव्याला, ते कळत नाही.

तिथं रोज माणसं येत असतील. कंद खात असतील, सैनिकाचा डबा पाहत असतील, मग फ्रॉकपाशी येऊन विचारत असतील, ही माचिस कोणाची? बाई सांगत असतील. आणि एखादा माझ्यासारखा हटून बसत असेल, की तो सुरतवाला माणूस चांगला होता की वाईट?

त्या काय उत्तर देत असतील ते मला माहीत आहे. मला ते अजून पटलेलं नाही.